ताटावरचा संशय

कोपरखैरण्यातल्या एका लॅबमध्ये आईचा रिपोर्ट घ्यायला थांबले होते. उपाशीपोटी रक्त देणाऱ्यांची सकाळची गर्दी ओसरली होती. जेवणानंतरच्या रक्तासाठी घड्याळाकडे बघत बसलेले चार-सहा जण तेवढे उरले होते. समोरच्या बाकावर साठी ओलांडलेलं एक जोडपं होतं. काउंटरवरून पाकीट हातात पडताच बाईंनी ते तिथेच फाडलं, पर्समधून चष्मा काढला, कागदावरून बोट फिरवत आकड्यापाशी आल्या आणि थांबल्या. "दोनशे ऐंशी! काय खाल्लंत? खरं सांगा." काकांनी मान हलवली. "नाक्यावरचा चहा पुन्हा सुरू केलात ना?" ते नाही म्हणाले आणि खोकले. "मग काय हवेतून आली साखर?" ते ओशाळं हसले आणि पुन्हा खोकले. खोकला मोठा नव्हता. रुमालाच्या घडीत दाबलेला, अंगवळणी पडलेला, शेजारच्याला त्रास नको म्हणून आवरलेला. बाकावर बसलेल्या सगळ्यांना तो २८० चा आकडा ऐकू आला होता. एका आजोबांनी लगेच कारल्याचा रस सुचवला, एका ताईंनी मेथ्या. मला राहवलं नाही. "काका, खोकला कधीपासून आहे?" त्यांनी हात झटकला. "हा? हा जुना आहे."

खोकला एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मी बाईंना सांगितलं. त्या "हो, हो" म्हणाल्या आणि काकांना घेऊन निघाल्या. पायऱ्या उतरतानाही चहाचाच विषय चालू होता. ते माझ्या मनातून काही केल्या जाईना, कारण हे सगळं बोलणं मी आमच्याच घरात ऐकलं होतं. मामींच्या तोंडून, मामांना उद्देशून, जवळपास याच शब्दांत.

मामा तुर्भ्याच्या मसाला मार्केटात माथाडी होते. गाव पाटणकडचं, तरुणपणी हमालांच्या टोळीत नाव लागलं ते निवृत्तीपर्यंत. मिरचीच्या गोण्या पाठीवर घेऊन आयुष्य काढलं. ज्यांनी ते मार्केट हंगामात पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण गाळ्यात नुसतं उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी येतं, घशात काहीतरी टोचत राहतं. गोणी थप्पीवर आदळली की लाल खकाणा उडतो आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहतो. तोंडाला बांधलेला पंचा संध्याकाळी पिळला तर पाणी तांबूस व्हायचं. मामींनी त्यांच्या कामाच्या कपड्यांसाठी गॅलरीत वेगळी दोरी बांधली होती. मे महिन्यात आम्ही भाचरं राहायला गेलो की मामा जिना चढत असतानाच कोणीतरी शिंकायचं. त्यामुळे मामांचा खोकला आम्हाला कधी आजार वाटलाच नाही. तो त्यांच्या नोकरीचा भाग होता. निवृत्तीनंतर कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "मिरचीचा खोकला हाय त्यो. मार्केट सुटलं, खोकला न्हाय सुटला."

शुगर त्यानंतरची. नोकरीतल्या अंगमेहनतीने बहुधा ती लपवून ठेवली असावी, कारण घरी बसल्यावर वर्षा-दोन वर्षांत ती कळली. गोळ्या सुरू झाल्या आणि मामींनी स्वयंपाकघराचा कारभार कडक केला. गुळाची ढेप कपाटात गेली. भाकऱ्या मोजून वाढल्या जाऊ लागल्या. भात फक्त रविवारी. मामी शिकलेल्या नाहीत, पण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा टक्क्यांतला आकडा (HbA1c) त्यांना तोंडपाठ असायचा आणि तो सव्वासातच्या आसपास राहतो याचा त्यांना अभिमान होता. तो आकडा म्हणजे त्यांच्या हातच्या जेवणाला मिळालेले गुण होते. म्हणून एका पावसाळ्याच्या शेवटी तो एकदम साडेदहावर गेला तेव्हा त्यांना ते फसवणुकीसारखं लागलं. उलटतपासणी सुरू झाली. देवळात प्रसाद कोणी दिला? नातवाच्या डब्यातली बिस्किटं कमी कशी? मामा आधी नाही म्हणाले, मग चिडले, मग गप्प झाले. फॅमिली डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं, "पथ्य मोडलं का?", आणि गोळीची ताकद वाढवून दिली.

त्याच सुमारास मामा बारीक होत होते. गालफडं बसली, पँटला दोरी बांधायची वेळ आली. पण वजन उतरणं म्हणजे चांगलंच, असं डायबिटीस असलेल्या माणसाला इतक्यांदा ऐकवलेलं असतं की बिल्डिंगमधले लोक त्यांचं अभिनंदन करत होते. थकवा यायचा, तर तो शुगरचा. रात्री बनियन घामाने भिजायचं, पण नवी मुंबईत ऑक्टोबरमध्ये कोणाचं भिजत नाही? संध्याकाळी जरा कणकण वाटायची. थर्मामीटर लावला तर निन्याण्णव. तेवढ्यासाठी कोण दवाखान्यात जातं? आणि खोकला तर मिरचीचाच.

एकूण एक लक्षणाला आधीच कारण ठरलेलं होतं.

पुढे डॉक्टरांकडून ऐकून आणि थोडंफार वाचून जे समजलं त्यातली एक गोष्ट मला फार लागली. साखर वाढलेली राहिली की जंतुसंसर्ग लवकर होतो हे आपण ऐकलेलं असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत वेळेवर पोचत नाहीत, पोचल्या तरी त्यांना गिळण्यात आणि मारण्यात कमी पडतात. पण हे उलट बाजूनेही चालतं. छातीत संसर्ग बसला की शरीर त्याला तोंड द्यायला कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन अशी संप्रेरकं सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. माणसाने दिवसभरात दोन भाकऱ्या आणि पालेभाजी खाल्ली असेल तरी आकडा चढतो. म्हणजे लॅबमधल्या त्या बाईंनी रागाने जे विचारलं, साखर हवेतून आली का, ते मामांच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. कोणाच्या तरी खोकल्यातून उडालेला, श्वासाबरोबर आत गेलेला जंतू, कदाचित खूप वर्षांपूर्वी गेलेला आणि छातीत निपचित पडलेला, साखरेने अंगरक्षक ढिले पडल्यावर उठला होता. त्याची पहिली स्पष्ट खूण खोकल्यात दिसली नाही, तापातही नाही. ती त्या साडेदहाच्या आकड्यात होती. आणि तो आकडा घेऊन आम्ही सगळे स्वयंपाकघरात शोध घेत होतो.

एक्स-रे झाला तोही दम लागायला लागला म्हणून. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सावली दिसली. टीबी बहुतेकदा वरच्या भागात दिसतो, त्यामुळे हा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं गेलं. दिवाळीच्या आधी मामांना बरं वाटलं, चकलीचा तुकडाही खाल्ला, आणि दिवाळी सरता सरता पुन्हा तेच. डायबिटीस असलेल्यांमध्ये टीबीची सावली अशी खाली, नेहमीच्या जागेपासून दूर दिसू शकते. शिवाय न्यूमोनियासाठी देतात त्यांपैकी काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूंनाही थोडा वेळ दबवतात, त्यामुळे बरं वाटतं आणि निदान लांबतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला वाचवलं ते महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी. मामी मामांना घेऊन तिथे फक्त शुगरच्या गोळ्या घ्यायला गेल्या होत्या. बाईंनी मामांकडे नीट बघितलं आणि चार गोष्टी विचारल्या. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का. मामांनी चारही वेळा "हो, पण..." म्हटलं. बाईंनी "पण"च्या पुढचं लिहून घेतलं नाही. झाकणाची एक प्लास्टिकची डबी दिली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी उठल्या उठल्या. थुंकी नको, छातीतून आलेला बेडका हवा."

त्या सकाळी मी तिथेच मुक्कामाला होते. मामा गॅलरीत, कपड्यांच्या त्याच दोरीखाली, भिंतीला हात टेकून उभे होते. चूळ भरून झाली होती. दीर्घ श्वास घ्यायचा, रोखायचा, मग खालून खोकायचं, असं बाईंनी करून दाखवलं होतं. पहिल्या वेळी नुसता फेस आला. मामा डबी उजेडात धरून बघायचे आणि मान हलवायचे, गोणीतला माल पारखावा तसं. मग वाकून, पोट आत घेऊन, बरगड्या दिसेपर्यंत खोकले. जो खोकला आयुष्यभर पंच्यात दाबला होता तो पहिल्यांदा मोठ्याने, मुद्दाम काढत होते. डबीच्या तळाशी पिवळसर, दाट काहीतरी जमलं. झाकण घट्ट लावून त्यांनी डबी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मामींना हात लावू दिला नाही. बेडका तपासणाऱ्या सीबीनॅट मशीनला दोनेक तास पुरतात. त्याच तपासणीत टीबीचा जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, दोन्ही समजतं. जंतू सापडला. औषधाला दाद देणारा होता, हे नशीब.

घरात त्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही.

शुगर कुठेही बोलता येते. ठाणे–वाशी लोकलमध्ये दोन अनोळखी बायका ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत एकमेकींना आपापले आकडे सांगतात, उपवासाला काय चालतं याची चर्चा करतात. शुगर असणं हे आता जवळपास वयात येण्यासारखं झालंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस असल्याचं सांगितलं तेव्हाही आपल्यापैकी कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पण टीबी? तो शब्द मामींनी गावी फोनवर उच्चारला नाही. "छातीत कफ झालाय," एवढंच. मामा तर टोळीतल्या जुन्या सोबत्यांना भेटायचेच बंद झाले. आणि हे दोन आजार तर एकमेकांच्या किती जवळचे! डायबिटीस असलेल्याला टीबी होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असते. रॉबर्ट कॉखने १८८२ साली टीबीचा जंतू दाखवला, १९२२ साली पहिल्या रुग्णाला इन्सुलिन मिळालं. त्याआधीच्या काळात डायबिटीस झालेली कितीतरी माणसं शेवटी क्षयानेच जात. तेव्हाच्या डॉक्टरांना ही जोडी पाठ होती. आता प्रत्येक आजाराला वेगळा तज्ज्ञ आणि वेगळी फाइल आहे आणि रुग्ण दोन फायलींच्या मधून निसटतो.

सहा महिन्यांचा उपचार सोपा गेला असं नाही. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. लघवी केशरी व्हायची. मामा पहिल्या दिवशी घाबरले, कोणी आधी सांगितलं नव्हतं. मग साखर खाली येण्याऐवजी आणखी वर गेली आणि मामींचा जीव टांगणीला लागला. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की शुगरच्या काही गोळ्या लवकर निकामी होतात, हे चेस्टच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि काही काळासाठी इन्सुलिन सुरू केलं. पायांना आधीच मुंग्या येत होत्या. टीबीच्या गोळ्यांनी त्या वाढू नयेत म्हणून बी-सिक्स जीवनसत्त्व दिलं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात यायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५०० होते. त्यात अंडी आणि डाळी आणायच्या असं मामींनी ठरवलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, छोट्या नातवाला प्रतिबंधक औषध सुरू झालं. आणि जी बाई भाकऱ्या मोजत होती तिलाच आता डॉक्टर सांगत होते, यांना जेवू घाला, यांचं वजन वाढायला हवं.

एका दुपारी मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मग इतके दिवस मी ह्यांना अर्धपोटी ठेवलं ते कशासाठी गं?" मला उत्तर सुचलं नाही. पथ्य चुकीचं नव्हतं, त्या पथ्याने कित्येक वर्षं मामांना सांभाळलं होतं. पण नवरा आजारी पडत चालला असताना त्याला रोज लबाड ठरवल्याचं त्यांच्या मनातून जात नव्हतं. मला मात्र त्यांचा राग येत नाही. साखर वाढली की ताटाकडे बघायचं हे आपण सगळ्यांनीच, डॉक्टरांपासून बाकावरच्या आजोबांपर्यंत, त्यांना शिकवलेलं आहे. छातीकडे बघायला कोणी शिकवलं नाही.

हे फक्त टीबीपुरतं नाही. ठाण्यात चरईत राहणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला लहानपणापासूनचा डायबिटीस आहे, इन्सुलिनवाला. तिला फ्लू झाला, छातीत कफ भरला, अन्न जाईना. घरच्यांनी प्रेमाने सांगितलं, पोटात काही नाही तर इंजेक्शन कशाला? दोन दिवसांत तिचा श्वास खोल आणि भराभर चालू लागला. सगळ्यांना वाटलं न्यूमोनिया. रुग्णालयात नेलं तर फुप्फुसं बऱ्यापैकी मोकळी. इन्सुलिन बंद पडल्याने रक्तात आम्ल साचलं होतं आणि ते बाहेर टाकायला शरीर धापा टाकत होतं. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, तो आईला आधीच आला होता, पण त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. आजारपणात जेवण कमी झालं तरी अशा रुग्णाचं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नसतं. आजारात ते उलट जास्तही लागू शकतं. शुगरच्या काही गोळ्या मात्र आजारपणात थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे आपल्या डॉक्टरांना बरं असतानाच विचारून ठेवावं, धावपळीत नाही. आणि २०२१ चा मे महिना तर सगळ्यांनीच पाहिला. कोविडमधून उठलेली माणसं, वाढलेली साखर, त्यात स्टिरॉइड्स, आणि हवेत कायमच असणारी बुरशी नाकातून डोळ्यांपर्यंत पोचलेली. त्या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी व्हॉट्सॲपवर फिरलेले ते निरोप अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये असतील. तेव्हा साखर आणि संसर्ग यांचं नातं साऱ्या देशाला कळलं होतं. मग आपण पुन्हा मेथ्या आणि कारल्याकडे वळलो.

या दोन आजारांची सांगड घालायची म्हणून सरकारने २०१७ साली एक चौकट आखली. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची आणि डायबिटीसच्या रुग्णाला ते चार प्रश्न विचारायचे. पहिलं बरंचसं होतं. दुसरं, विशेषतः खासगी दवाखान्यांत, मी फारसं होताना पाहिलेलं नाही. डायबिटीसच्या तपासणीत पाय बघतात, डोळे बघायला सांगतात, किडनीचा रिपोर्ट मागतात. खोकल्याबद्दल एक वाक्य विचारायला किती वेळ लागतो? दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस डायबिटीस असलेल्यांनी घ्यावी असं सांगितलं जातं, पण आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ती घेतलेलं माणूस शोधावं लागेल. बाळांना न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आजोबांना खिशातून घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही, हेही खरं. तरी निदान अशी लस आहे, एवढं तर कोणी सांगावं.

मामांचा कोर्स पूर्ण झाला. तीन महिन्यांची शुगर आठच्या खाली आली, जेवण वाढूनही. छातीत एक वण राहिला आहे. दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या पायरीवर थांबतात. मामींनी नातवाच्या शाळेच्या वहीत एक नवीन हिशेब सुरू केलाय. डाव्या पानावर साखर, उजव्या पानावर वजन, ताप आणि खोकला. लिहितो नातू, सांगतात त्या. मागच्या खेपेला डाव्या पानावर आकडा चढला तेव्हा त्यांनी मामांना काही विचारायच्या आधी उजवं पान उलटून पाहिलं. वजन तेवढंच, खोकला नाही. मग मात्र मामांनी आपणहून कबूल केलं, बारशाला दोन पेढे.

आणि परवा मामा पुन्हा मसाला मार्केटात जाऊन आले. जुन्या टोळीतला एक सोबती अजून कामावर आहे, शुगरवाला, खूप दिवस खोकतोय, पँट सैल झालीये. "मिरचीचा हाय," तो म्हणाला. मामांनी गाळ्यासमोर, चारचौघांत, त्याला सांगितलं, "मला बी मिरचीचाच वाटला व्हता. टीबी निघाला." गावी अजून जो शब्द कोणाला माहीत नाही तो त्यांनी तिथे उभं राहून उच्चारला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्याला घेऊन आरोग्य केंद्रात गेले, डबी कशी धरायची, श्वास कसा ओढायचा ते दाखवलं. नमुना काल दिलाय. रिपोर्ट उद्या मिळेल.